किनाऱ्यावरच्या घरासाठी छोटी आमरी: कुठून आणावी, कशावर बांधावी?

सुरूबन

नमस्कार. मी गुहागरची. घर कौलारू, पुढची पडवी पूर्वेला, मागे माड आणि माडांच्या मागे समुद्र. कुंड्यांतली डेंड्रोबियमं आहेत, ती माझं काही ऐकत नाहीत, पण जगतात. आता हौस आली आहे ती तळहातावर मावेल अशा छोट्या आमरीची, म्हणजे ऑर्किडची. तीही कुंडीत नको. लाकडावर बांधलेली हवी, पडवीच्या खांबाला टांगता येईल अशी.

व्हिडिओ खूप पाहिले. सगळ्यांचं म्हणणं एकच: कॉर्कची साल आणा, वर मॉसची (वाळवलेल्या शेवाळाची) जाड गादी घाला, दिवसातून तीनदा फवारा मारा, खोलीत ह्युमिडिफायर लावा. कॉर्कचा भाव बघून मी मोबाइल खाली ठेवला.

विचारायचं असं की, आमच्या आठवडा बाजारात एक जण आमरीच्या जुड्या घेऊन बसतो, पन्नास रुपयाला जुडी. त्यात अगदी छोट्या पानांच्याही असतात. घ्याव्यात का? आणि कॉर्क नको असेल तर आपल्याकडचं कुठलं लाकूड चालतं?

पागोळी

लाकडाचं मागाहून बघू. जुड्यांचं उत्तर सोपं आहे: घेऊ नका.

जुडीतली मुळं नीट बघा. तुटलेली असतात, आणि तुटलेल्या मुळाला झाडाची साल चिकटलेली असते, कारण ती फांदीवरून ओरबाडून काढलेली असते. पानं किडींनी खाल्लेली, त्यांच्यावर दगडफुलाचे डाग, एक झाड मोठं तर एक पिल्लू. नर्सरीतली रोपं एका बाटलीतून निघालेली असतात, म्हणून सगळी एका वयाची, एका उंचीची, जाळीच्या चिमुकल्या कुंडीत नावाच्या चिठ्ठीसकट येतात. फरक एकदा कळला की बाजारात लांबूनच ओळखू येतो.

आणि पन्नास रुपये तुम्हाला स्वस्त वाटतात, पण जुडीतली बरीचशी झाडं वर्षभरात जातात. मूळ तुटलेलं झाड नव्या लाकडाला धरतच नाही. पानांत साठवलेल्या पाण्यावर काही महिने हिरवं दिसतं, आणि आपल्याला वाटतं, लागलं वाटतं.

घावणे

ओ पागोळी, आमच्या आंब्यार असली झाडां ढिगान असत. बाबा दर वर्षी बांडगूळ म्हणान कोयतीन तासून टाकत. त्यातली चार कोणी काढून नेली तर काय बिघाडला?

जांभा

घावणेभाऊ, आधी बाबांचा हात धरा. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मूळ घालून तिचा रस ओढतं. आमरी नुसती सालीवर बसते. पाऊस, धुकं, सालीवरून वाहून येणारी माती आणि कुजलेली पानं एवढ्यावर तिचं भागतं. आंब्याला तिचा काही त्रास नाही. फांदी आधीच वाळत आली असेल आणि तिच्यावर आमरी दाटली असेल तर लोक आमरीवर खापर फोडतात, इतकंच.

आता चार नेली तर काय बिघडलं. आमरीच्या एका बोंडात धुळीसारखं बी असतं, हजारोंनी, काही जातींत लाखांनी. पण त्या बियांत स्वतःचं खाणं काहीच नसतं. झाडावर पडलं, तिथे नेमकी बुरशी भेटली आणि तिने सुरुवातीला पोसलं, तरच ते रुजतं. बाकीचं सगळं वाया. रुजलेलं रोप फुलावर यायला पुन्हा काही वर्षं. म्हणून एका फांदीवरून चार झाडं गेली की ती जागा लगेच भरत नाही. १९२२ साली लुइस नड्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साखर घातलेल्या माध्यमावर हे बी बुरशीशिवाय रुजतं. आज नर्सऱ्यांत बाटलीतली रोपं मिळतात ती त्याच वाटेने आलेली. एवढी सोय असताना जंगल ओरबाडायचं कारण काय?

कायद्याचंही सांगून ठेवतो. राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाडं काढणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. आमरीचं अख्खं कुळ साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. म्हणून परदेशातून ऑनलाइन मागवायचं कोणाच्या मनात असेल तर साइट्सची कागदपत्रं, आयात परवाना आणि तिकडचा फायटोसॅनिटरी (झाडाला रोग-कीड नसल्याचा) दाखला लागतो. पाकिटात लपवून पाठवतो म्हणणारे विक्रेते भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ साली देशातल्या आमरींची यादी काढली, तीत १२५६ जाती आहेत. त्यांतल्या ३८८ जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांतल्या कितीतरी आपल्या सह्याद्रीतल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच तुम्हाला हवी आहे तेवढ्याच, बोटभर.

खाडीपलीकडे

आवारातल्या झाडावर असेल तर ती तिथेच राहू द्यावी, हे माझंही मत. पण फांदी पडली तर? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेल्या आंब्या-फणसांवर आमऱ्या तशाच. लाकूड वखारीत जायच्या आत ज्यांना जमलं त्यांनी सालीसकट तासून काढल्या आणि उभ्या राहिलेल्या झाडांना बांधल्या. सालीसकट काढायचं हे महत्त्वाचं. मुळं सोडवत बसायचं नाही. आणि नव्या झाडावरही तेवढीच सावली मिळेल अशी जागा बघायची. आतल्या सावलीतली आमरी एकदम दक्षिणेच्या उन्हात आली की पानं करपतात.

हे अर्थात आपल्याच वाडीतलं बोलतोय. रानात पडलेल्या फांदीवरची आणायची तर आधी वनरक्षकाला विचारा.

सुरूबन

कळलं, जुडी रद्द. मग नर्सरीतून काय मागवू? यादीत एवढी नावं आहेत की डोकं फिरतं. मला मास्डेव्हालिया फार आवडली. तिच्या फुलाला शेपट्या असतात.

माडाखाली

मास्डेव्हालिया विसरा. ती अँडीज पर्वतातल्या धुक्याच्या रानातली. तिला बारमाही गार हवा आणि रात्री दहा-पंधरा अंश लागतात. गुहागरला मे महिन्यात पहाटेही पारा पंचवीसच्या खाली येत नाही. त्यासाठी काचेची पेटी आणि तिला थंड ठेवणारं यंत्र लागेल, म्हणजे आमरी दोनशेची आणि बिल महावितरणचं. न्यू गिनीच्या डोंगरातलं डेंड्रोबियम कथबर्टसोनी, ड्रॅक्युला नावाची आमरी, ही सगळी त्याच पंगतीतली. फोटो बघावेत आणि पुढे जावं.

आपल्याला हवी ती गरम हवेची. नर्सरीला एकच प्रश्न विचारा: ही झाडं तुमच्याकडे कुठे वाढतात? कालिंपोंगला वाढलेलं गारव्यातलं झाड इथे आलं की दमतं. केरळच्या किंवा गोव्याच्या सखल भागातल्या नर्सरीतलं त्यामानाने लवकर रुळतं.

माझ्या पसंतीची पहिली म्हणजे स्कोएनॉर्किस फ्रॅग्रन्स. थायलंड-म्यानमारकडची. पूर्ण वाढलेलं झाड काड्यापेटीवर ठेवता येतं. पानं जाड, मांसल, कडेने जांभळट. फुलं गुलाबी, टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी, पण झुबक्याने येतात आणि वासही असतो. उकाडा, दमट हवा दोन्ही सोसते.

दुसरी टोलुम्निया. कॅरिबियन बेटांवरची, तिथे बारीक फांद्यांवर समुद्राच्या वाऱ्यात वाढते. पानं पंख्यासारखी एका पातळीत. फूल झाडाच्या मानाने मोठं, पिवळं-तपकिरी किंवा लाल ठिपक्यांचं. हिला एकच गोष्ट खपत नाही, ओली मुळं. पाणी दिल्यावर घटका-दोन घटकांत वाळली पाहिजेत. वारा भरपूर असेल तर हिच्यासारखी आनंदी आमरी नाही. आषाढात मात्र हिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

हॅरेला मागवाल तर विचार करून. तैवानच्या मध्यम उंचीच्या डोंगरातली. फूल बघून भुंगा बसलाय असं वाटतं, आणि वर्षात अनेकदा फुलते. पण मे महिन्यातला उकाडा तिला जड जातो.

पागोळी

हॅरेलाबद्दल असहमत. दापोलीच्या वरच्या अंगाला, माडापोफळीच्या दाट सावलीत चांगली चालते. किनाऱ्यालगत पत्र्याखाली टांगाल तर मरेल, पण पत्र्याखाली काय जगतं?

आणि थोडी मोठी चालत असेल तर डेंड्रोबियम लिंडलेई घ्या. नर्सरीवाले अजून जुन्या नावाने ॲग्रेगेटम म्हणून विकतात. ईशान्य भारतातली आहे. गाठी टणक, लाकडाला चिकटून बसतात, उन्हाळ्याच्या तोंडाला पिवळ्याधमक फुलांचा घोस लोंबतो. दिवाळीनंतर तिचं पाणी तोडायचं, अगदीच सुरकुतली तर थोडं द्यायचं. हिवाळ्यात रोज लाड केले की पानं येतात, फुलं येत नाहीत.

कोथरूडचा_कोकण्या

व्हिडिओवाले अगदीच चूक सांगत नाहीत हो. माझ्याकडे लाकडावरची सगळी झाडं मॉसवरच आहेत. जाड थर, त्यावर झाड, वरून दोरा. मॉस नसेल तर मुळं वाळून कोळ होतात. रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारतो तरी उन्हाळ्यात पुरत नाही.

जांभा

कारण तुम्ही कोथरूडला आहात. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की तुम्हाला मॉस हवंच. तो व्हिडिओवाला बाबाही बहुधा डिसेंबरात हीटर लावलेल्या खोलीत बसलेला असतो, म्हणून त्याला ह्युमिडिफायर लागतो. गुहागरच्या पडवीत दमटपणा फुकट आहे. इथे कमी पडतो तो वारा, आणि पावसाळ्यात मुळं वाळायला लागणारा वेळ. कोकणात जाड मॉस घालणं म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुळांना ओला फडका गुंडाळून ठेवणं.

आमरीच्या मुळावर मेलेल्या पेशींचा पांढरट, स्पंजासारखा थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. पाणी पडलं की तो थर क्षणात पाणी पितो, पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं, म्हणून मूळ हिरवं होतं. वाळलं की पुन्हा चंदेरी. तुमचं मीटर हेच. सकाळी पाणी द्या. संध्याकाळपर्यंत मूळ चंदेरी झालं तर व्यवस्था बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळीही हिरवंच असेल तर मॉस जास्त आहे किंवा वारा कमी. दुपारी बारालाच चंदेरी होऊन पानं सुरकुतायला लागली तर उलट. यापुढे कोणाच्या वेळापत्रकाची गरज नाही, माझ्याही नाही.

आता लाकूड. माझा कौल ऐनाला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, त्या भेगांत मुळं मस्त शिरतात, आणि सालही लाकडाला घट्ट असते. वखारीत सरपणाच्या ढिगातून हातभर तुकडा उचलून आणा, रानात कोयता घेऊन जाऊ नका. फणसाचा गाभा उत्तम, टिकतो. सागाचा जुना वासा मिळाला तर सोनं. साल नसते, पण वर्षानुवर्षं वाळून खरबरीत झालेला असतो. फक्त त्याला वाळवीसाठी काही फासलंय का ते बघा. आपल्याकडे वाशांना काजूच्या टरफलांचं तेल किंवा डांबर लावायची पद्धत आहे, असलं लाकूड झाडाला नको. आंबा फुकट मिळतो पण लवकर कुजतो, भुंगाही लागतो, दोन-तीन पावसाळ्यांत साल सुटते आणि झाड सालीसकट खाली. पेरू, निलगिरी नकोत, त्यांची साल सुटत राहते.

किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं दिसायला फार सुंदर. पण त्यांच्यात मीठ मुरलेलं असतं. एक अख्खा पावसाळा उघड्यावर टाका, मग बादलीत भिजवून त्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) बघा. वाढला तर अजून थांबा.

सुरूबन

बांधायचं कसं तेही सांगा ना, जरा तपशिलात. मी टोलुम्निया आणि स्कोएनॉर्किस दोन्ही मागवल्यात.

जांभा

पार्सल आलं की लगेच बांधू नका. झाड सावलीत, बाकीच्यांपासून लांब, दोन-तीन आठवडे ठेवा. पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड येते का बघायचं. तेवढ्यात नवीन मुळाची हिरवी किंवा तांबूस टोकं दिसली तर बांधायचा मुहूर्त तोच, महिना कुठलाही असो. जुनी मुळं लाकडाला चिकटत नाहीत, नवीनच चिकटतात. टोकं दिसायच्या आत बांधलं तर झाड नुसतं टांगलेलं राहतं.

लाकूड ब्रशने घासून उकळत्या पाण्यात बुडवा, मुंग्या आणि गोगलगायींची अंडी जातात. वाळल्यावर वरच्या टोकाला भोक पाडून हूक अडकवा. हूक स्टेनलेसचा घ्या. साध्या तारेला तुमच्या खाऱ्या वाऱ्यात महिन्याभरात गंज चढेल. तांब्याची तार अजिबात नको, आमरीच्या मुळांना तांबं सोसत नाही. आता लाकूड रिकामंच टांगून बघा. ते कुठल्या बाजूला झुकतं, पाणी कुठून ओघळतं ते आधी कळू दे. झाड लावल्यावर कळून उपयोग नाही.

मग झाड. कुंडीतली साल, कोळसा बोटांनी हळूच सोडवा, मेलेली मुळं कापा. दाबल्यावर पोकळ लागतं ते मेलेलं. मुळं पाच-दहा मिनिटं पाण्यात ठेवली की मऊ होतात, वळवता येतात. स्कोएनॉर्किससाठी नखाएवढं मॉस मुळांच्या खाली, वर नाही. टोलुम्नियाला तेही नको. झाड असं धरा की पानांचा गाभा किंचित खाली किंवा बाजूला झुकलेला असेल, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. पानं आकाशाकडे उघडी ठेवून बांधलेली झाडं पावसाळ्यात मधूनच कुजतात.

बांधायला गळाचा तंगूस, बारकातला. बाजारपेठेत मासेमारीच्या सामानाच्या दुकानात रीळ मिळतं. पहिला वेढा झाडाच्या बुंध्याजवळ, मुळांवरून. टोकांवरून कधी नाही. पुढचे वेढे मुळांच्या मध्यावरून, मुळं पंख्यासारखी पसरून. गाठ लाकडाच्या मागच्या बाजूला. मग झाडाला बोटाने हलकेच ढकला. हललं तर सोडा आणि पुन्हा बांधा. सगळ्या उद्योगात याला पर्याय नाही. वाऱ्याने झाड हललं की मुळाचं कोवळं टोक लाकडावर घासून मरतं, आणि मग दोन महिने आपण खत बदलत बसतो. मुळांनी लाकूड पक्कं धरलं की तंगूस कापून काढा.

नावाची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते.

घावणे

आमच्याकडे सोडणांची रास पडलीहा. सोडणावर बांधला तर? फुकटचो माल.

माडाखाली

कोकणात हा प्रश्न येणारच! सोडण, म्हणजे नारळाचं वरचं काथ्याचं साल, चालतं, पण अटी आहेत. ताज्या सोडणात क्षार असतात, किनाऱ्यावरच्या माडाच्या तर जास्तच. भिजत घालायचं, लाल पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजवायचं, पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. मग वाळवायचं. तरी पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं आणि एक-दोन वर्षांत चुरा व्हायला लागतं. डेंड्रोबियमला चालून जातं. टोलुम्नियाला नको. माझ्याकडे करवंटीच्या पाठीवर, म्हणजे फुगीर बाजूवर, खरवडून बांधलेली एक चिमणी आमरी आहे. करवंटी कुजत नाही, पाणी धरत नाही. दिसायला मात्र जत्रेतल्या शोभेच्या वस्तूसारखं दिसतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि सरळ देवचाफ्यावर बांधायचा विचार केलाय का कोणी? उन्हाळ्याआधी त्याची पानं झडतात तेव्हा उजेड मिळतो, पावसाळ्यात पानांची छत्री. साल टिकते, मुळं धरतात. फक्त तळहाताएवढं झाड एवढ्या मोठ्या चाफ्यावर हरवतं, आणि गोगलगायी आधी पोचतात.

कोथरूडचा_कोकण्या

बरं, मॉसचं मान्य, आमच्याकडची हवा वेगळी. पाण्याचं काय? इथे नळाचं पाणी चालून जातं.

खाडीपलीकडे

आमच्याकडे सगळा खेळ पाण्याचाच आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. माणसाला चव कळायच्या आधी आमरीच्या मुळांना कळतं, टोकं काळी पडतात. कुंडीत माती-साल थोडं सांभाळून घेते, लाकडावर मूळ उघडं असतं आणि पाणी वाळलं की मीठ तिथेच बसतं. टीडीएस मीटर दोन-अडीचशेत येतो, घेऊन ठेवा. शंभरच्या आत उत्तम, दोनशेपर्यंत धकतं, तीनशेच्या वर असेल तर मला तरी लाकडावरची झाडं जगवता आलेली बघायला मिळाली नाहीत. उपाय सोपा, पन्हळीचं पाणी. पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्यायच्या, कौलावरची घाण धुऊन जाते, मग पिंप भरायचं. झाकण घट्ट, नाहीतर डेंगीचे डास. छोट्या झाडांना पाणी लागतंच किती, एक पिंप उन्हाळ्यापर्यंत पुरतं.

खत १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने धुवायचं.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. लाकडावरच्या आमरीला आपल्याकडे खरा धोका मे महिन्याचा नाही. मे दमट असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मतलई वारा दुपारपर्यंत जोर धरतो, खारा वारा उशिरा येतो, तेव्हा किनाऱ्यावरही पारा सदतीस-अडतीसला जातो आणि हवा एकदम कोरडी होते. त्या दिवसांत सकाळी बादलीत बुडवून काढलेलं झाडही दुपारी सुरकुततं. सुरूबन, तुमची पडवी पूर्वेला, म्हणजे मतलईच्या तोंडावरच. तेवढे दिवस झाडं मागच्या दाराला, माडांच्या सावलीत न्या, दोनदा भिजवा. समुद्राच्या बाजूला आहात तर पानांवर मिठाचा थर बसेल, बादलीत बुडवताना पानंही धुऊन घ्या.

सुरूबन

धागा वर काढते, श्रावण लागलाय. टोलुम्निया ऐनावर आहे, तिने तीन मुळं लाकडात घातलीत, तंगूस काढला. स्कोएनॉर्किस सागाच्या वाशावर. तिचं खालचं एक पान काचेसारखं पारदर्शक, तपकिरी झालंय, कडेपासून पसरतंय. फोटो टाकलाय. पागोळीखाली टांगली होती, थेट पाऊस लागत नाही.

पागोळी

थेट लागत नाही, पण पागोळीचं पाणी खाली जांभ्यावर आपटून वर उडतं ना? फोटोत लाकडाच्या खालच्या टोकाला चिखलाचे ठिपके दिसताहेत. कुज आहे, आजच कापा. ब्लेड ज्योतीवर तापवून गार करून घ्या, पान डागाच्या खाली, निरोगी भागात कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड. मुळांवर सांडू देऊ नका, मुळं सुकतात. मग झाड आत, छपराखाली, जमिनीपासून छातीएवढं उंच, आणि पंखा असेल तर दिवसभर मंद. पाऊस उघडेपर्यंत पाणी देऊच नका. श्रावणातली हवाच पुरते. गाभा टणक असेल तर वाचेल.

जांभा

कापून झालं की पुढचं बघा. शेजारी पोफळी आहेत का? पावसाळ्यात कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो, म्हणजे तांबंच. वाऱ्याने उडालेले तुषार उघड्या मुळांवर बसले की टोकं जळतात, आणि आपण कुज समजून आणखी बुरशीनाशक मारतो. फवारणीच्या दिवशी लाकडं आत न्या. फवारणी कधी आहे ते शेजाऱ्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा.

सुरूबन

पोफळी आहेत, कुंपणापलीकडेच. मागच्या आठवड्यात फवारणी झाली तेव्हा टोलुम्निया बाहेरच होती. मुळं आत्ताच बघून आले, दोन टोकं हिरवी आहेत, एक काळसर.

जांभा

मग त्या मुळावर पन्हळीच्या पाण्याची धार सोडा, एकदा आत्ता, एकदा उद्या सकाळी. काळं टोक गेलं तरी मूळ मागून फांदी फोडतं. बाकी दोन ठीक आहेत तर काळजी नको.

घावणे

आमचो फवारणीवालो सांगान कधी येता? पाऊस उघाडलो काय तो झाडारच दिसता.